सकाळचे दोन तास : इंदूरहून कुटुंबासह तंबू आणि कनूची सहल

इंदूरच्या मराठी घरांत शनिवार-रविवारच्या सहलीचा साचा ठरलेला असतो. मांडू, महेश्वर किंवा ओंकारेश्वर, सोबत पुऱ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी, आणि रात्री कितीही उशीर झाला तरी मुक्कामाला घरी. तंबूत रात्र काढून सकाळी स्वतः वल्हे मारत पाण्यावर जाणे त्या साच्यात बसत नाही, म्हणून पहिल्या वेळी घरातली वडीलधारी माणसे हरकत घेतात. आणि खरे सांगायचे तर त्यांच्या निम्म्या हरकती रास्त असतात. आमच्या घरी गेले चार हिवाळे हा प्रकार चालू आहे. एवढ्या अनुभवातून माझ्यापुरती एक गोष्ट पक्की झाली आहे : या सहलीचे सारे सुख सकाळच्या साडेसात ते साडेनऊ या दोन तासांत साठलेले असते, कारण त्या वेळी बहुधा जलाशयावर वारा नसतो. जागा, तंबू, रात्रीचे जेवण, झोपेची वेळ, सर्व काही त्या दोन तासांच्या सोयीने ठरवावे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. कनू म्हणजे वरून उघडी, दोन्ही टोकांना निमुळती नाव, जी एका पात्याच्या वल्ह्याने चालवतात. कयाक ठेंगणी असते, तिच्यात पाय पुढे पसरून बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. आपल्याकडे भाड्याने मिळते ती बहुतेक वेळा प्लास्टिकची कयाक. दोन-तीन माणसे आणि सामान एकत्र घेऊन जाणारी कनू क्वचितच दिसते. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून नाव कोणती, किती माणसांची, आणि मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, हे तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत. ‘सब मिल जाएगा साहब’ हे उत्तर पुरेसे मानू नये. हवा भरायची कनू काही कुटुंबे विकत घेतात. ती गाडीच्या डिकीत मावते हा तिचा गुण, आणि जरा वारा सुटला की पानासारखी भरकटते हा तिचा दोष. स्वतःची नाव असली तरी कोणत्याही धरणाच्या पाण्यात ती परस्पर उतरवू नये. त्या जागेची व्यवस्था पाहणाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी.

पाणी निवडताना

इंदूरजवळचे पाणी म्हटले की यशवंतसागर आणि सिरपूर ही नावे प्रथम सुचतात. या दोन्ही पाणथळ जागांना २०२२ साली रामसर दर्जा, म्हणजे पाणथळ जागांच्या संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराखालची मान्यता, मिळाली आहे. तिथे दुर्बीण घेऊन काठावर बसावे. नावेचा विचार करू नये.

पहिल्या खेपेला चोरल बरे. खंडवा रस्त्याने घाट उतरत गेले की शहरापासून पाऊणशे किलोमीटरच्या आतच हे पाणी लागते, राज्य पर्यटन मंडळाचे विश्रामस्थान जवळ आहे, आणि रात्री एखाद्या मुलाला ताप भरला तर गाडी काढून घरी परतता येते. ही शेवटची बाब कागदावर क्षुल्लक वाटते, पण सहा वर्षांचे मूल सोबत असताना तिच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला हनुवंतिया. हे ठिकाण खंडवा जिल्ह्यात इंदिरासागर धरणाच्या जलाशयाकाठी आहे आणि इंदूरहून बडवाह, सनावदमार्गे तिथे पोहोचायला साडेतीन तास धरावेत. घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर त्याहून अधिक. साठवणक्षमतेने हा देशातला सर्वांत मोठा जलाशय आहे, समोरचा काठ काही ठिकाणी दिसतच नाही, आणि त्यामुळे वाऱ्याला लाटा उठवायला मैलोन्‌मैल मोकळी जागा मिळते. या पाण्याखाली २००४ साली रिकामे झालेले हरसूद गाव आहे, शेते आहेत, झाडे आहेत. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो आणि उन्हाळ्याकडे पाणी उतरू लागले की झाडांचे खुंट पृष्ठभागाच्या वीतभर खाली येतात, जे वरून दिसत नाहीत. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीचा काळ चांगला. मार्चनंतर गेल्यास स्थानिक नावाड्याच्या पाठोपाठच राहावे.

महेश्वरच्या सहस्रधारेबद्दल मुले हटकून विचारतात, कारण २०२३ च्या आरंभी मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत कनू स्लॅलम, म्हणजे खळाळत्या पाण्यात टांगलेल्या दांड्यांमधून नाव काढण्याची शर्यत, तिथेच झाली होती. काळ्या बेसॉल्ट खडकांतून नर्मदा अनेक धारांनी फुटते ते दृश्य पाहण्याजोगे आहे, पण ते काठावरून. ते पाणी सराव केलेल्या खेळाडूंचे आहे. शिवाय ओंकारेश्वर आणि महेश्वर ही दोन्ही ठिकाणे मोठ्या धरणांच्या खालच्या अंगाला आहेत, आणि वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की आभाळ निरभ्र असतानाही नदी चढते. देवास जिल्ह्यातल्या धाराजी येथे एप्रिल २००५ मध्ये अमावास्येच्या स्नानाला जमलेले अनेक भाविक असेच अचानक आलेल्या पाण्यात वाहून गेले. हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. नदीकाठच्या वाळूवर, धरणाच्या खाली, तंबू ठोकू नये एवढा व्यवहार त्यातून घ्यावा.

मगरींचा प्रश्न आमच्या आईने पहिल्याच दिवशी काढला होता. नर्मदेत मगरी आहेत. नर्मदामातेचे वाहनच मगर आहे, तेव्हा नाकारून उपयोग नाही. स्थानिक मच्छीमारांना विचारून ते सांगतील तो काठ टाळावा, आणि दिवस उजाडण्याआधी किंवा अंधार पडल्यावर पाण्याच्या कडेला भांडी घासत बसू नये.

शनिवारी : तंबू आणि चूल

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. तंबू उजेडातच उभा राहिला पाहिजे, म्हणून दुपारी तीनच्या आत पोहोचावे. चार माणसांचा म्हणून विकला जाणारा तंबू मोठी दोन आणि लहान दोन माणसे असतील तरच चौघांचा. एरवी तो तिघांचा समजावा. निघण्याच्या आठवडाभर आधी तो गच्चीवर एकदा उभा करून पाहावा. आमच्या पहिल्या सहलीत हे टाळले होते, आणि एक दांडी घरीच राहिल्याचे काठावर कळले. मग वेताची काठी शोधत फिरावे लागले.

माळव्याच्या काळ्या मातीचा स्वभाव ओळखून जागा निवडावी. ही माती सुकली की भेगाळते, त्या भेगांत साप-विंचवांना आसरा मिळतो, आणि ओली झाली की तिच्यात खुंटी लोण्यात सुरी घालावी तशी शिरते आणि तशीच बाहेरही येते. शक्य तर मुरमाड, किंचित उंच जागा घ्यावी. काळी मातीच असेल तर तंबूसोबत मिळणाऱ्या तारेच्या आखूड खुंट्यांवर विसंबू नये. हातभर लांबीच्या लोखंडी खुंट्या लोहाराकडून किंवा हार्डवेअरच्या दुकानातून घ्याव्यात, आणि त्यांचे डोके तंबूपासून दूर कलेल अशा बेताने तिरप्या ठोकाव्यात. तंबूखाली ताडपत्री अंथरावी, पण तिच्या कडा तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नयेत, नाही तर रात्रीचे दव तिच्यावर जमून सरळ अंथरुणाखाली येते. पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवावी. झोपण्यापूर्वी आणि पहाटे पाणी काठीच्या कुठवर आले आहे हे पाहिले की अंदाज राहतो.

‘शब-ए-मालवा’, म्हणजे माळव्याची रात्र, हा शब्द कौतुकाने वापरला जातो, पण ती रात्र तंबूत काढायची असेल तर तयारी लागते. पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि पाण्याकाठी तो आणखी बोचतो. थंडी वरून लागते त्याहून अधिक जमिनीतून चढते, म्हणून एका जाड रजईपेक्षा खाली सतरंजी, तिच्यावर फोमची चटई आणि वर दोन पातळ पांघरुणे ही मांडणी अधिक उपयोगी. काहीही झाले तरी पेटती शेगडी तंबूत घेऊ नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. तंबूची चेन आत-बाहेर जाताना प्रत्येक वेळी पूर्ण लावावी, कारण मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. सकाळी बूट झटकूनच घालावेत. सर्पदंश झालाच तर आवळून बांधणे किंवा कापणे असले काही न करता, चावलेला अवयव न हलवता, रुग्णाला सरळ रुग्णालयात न्यावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मुलांनाही पाठ असावा आणि सर्वांत जवळचे मोठे रुग्णालय कोणत्या गावी आहे हे शनिवारीच विचारून ठेवावे.

पिण्याच्या पाण्याचे गणित माणशी दररोज तीन लिटर. चौघांना दोन दिवसांसाठी वीस लिटरचे दोन कॅन घेतले की स्वयंपाकालाही पुरते.

रात्रीच्या जेवणाला बाटी करावी. ती शहरातल्या ओव्हनमध्ये होते तशी होत नाही, यासाठीच तर एवढे लांब यायचे. जाडसर दळलेल्या कणकेत मीठ, ओवा आणि मूठ वळली की टिकेल इतके तूप घालून घट्ट मळावे. हे घरूनच मळून आणले तरी चालते. परवानगी असलेल्या जागी, गवत आणि पाचोळ्यापासून दूर, गोवऱ्या रचून पेटवाव्यात आणि ज्वाळा पूर्ण विझून वर राखाडी पापुद्रा धरेपर्यंत हात बांधून बसावे. घाई इथेच नडते. ज्वाळेवर ठेवलेली बाटी बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. निखारे पसरून त्यांवर लिंबाहून थोडे मोठे गोळे मांडावेत, चिमट्याने फिरवत राहावेत, आणि वरून तडे जाऊ लागले की राखेत पुरून दहा मिनिटे विसरून जावे. बाहेर काढलेली बाटी फडक्यात धरून आपटली की राख झडते. मग ती तळहाताने दाबायची, फुटलेल्या चिरेतून वाफ निघते, आणि त्या चिरेत तूप ओतायचे. त्याच निखाऱ्यांत दोन वांगी भाजली की भरीत होते. डाळ घरून शिजवून आणावी, जंगलात कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही. जेवण आठपर्यंत, झोप साडेनऊपर्यंत. आग पाणी ओतून, राख ढवळून, पुन्हा पाणी ओतून विझवावी आणि हात जवळ नेऊन ऊब राहिली नाही याची खात्री करावी.

शौचासाठी पाण्यापासून किमान ऐंशी पावले दूर, वीतभर खोल खड्डा खणावा आणि नंतर बुजवावा. त्यासाठी खुरपे आणावे. हा विषय आधी बोलला जात नाही आणि मग ऐन वेळी घोटाळा होतो, म्हणून लिहिले.

रविवारी सकाळी : पाण्यावर

सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पाण्यावर धुके असेल तर समोरचा काठ दिसेपर्यंत थांबावे. तोवर चहा आणि एकेक बिस्किट एवढेच. पोटभर खाणे परतल्यावर.

लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच, प्रत्येकाने, पोहता येणाऱ्यांनीही घालावे. ते कसे बसले आहे हे पाहण्याची रीत सोपी आहे : माणसाने हात वर करायचे आणि दुसऱ्याने जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढायचे. ते हनुवटीच्या वर सरकले तर पट्टे सैल आहेत किंवा माप मोठे आहे. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असला पाहिजे, नाही तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर राहते आणि मूल खाली सरकते. हवेची रबरी ट्यूब हा त्याला पर्याय नव्हे. ओढणी, शाल, लोंबते मफलर काठावर ठेवावे, जीन्स घालू नये, पण पायांत पट्ट्याचे जुने बूट अवश्य असावेत, कारण उथळ पाण्यात बाभळीचे काटे असतात. मुलाला नावेला कधीही बांधू नये. भीतीपोटी हे करणारे पालक मी पाहिले आहेत, आणि नाव उलटली तर तोच दोर घात करतो.

नाव अर्धी वाळूवर ठेवून बसू नये. ती पूर्ण तरंगत, काठाला समांतर धरावी. एकाने ती धरून ठेवावी, दुसऱ्याने दोन्ही हात दोन्ही कडांवर टेकवून, वाकून, पाय नावेच्या बरोबर मध्यरेषेवर ठेवत आत जावे. अनुभवी आणि जड माणूस मागे, दुसरा मोठा माणूस पुढे, मुले मध्ये तळाशी. मागे बसणारा दिशा सांभाळतो आणि पुढचा वेग देतो. आमच्याकडे वजनाच्या निकषाने मागची जागा माझ्याकडे आली. पत्नीने त्यावर पुढे वेगळे भाष्य केले नाही.

वल्हे धरताना एक हात वरच्या मुठीवर आणि दुसरा पात्याच्या थोडा वर. पाते आपल्या पायांच्या रेषेत, पूर्ण बुडेल इतके खाली घालावे, कमरेपर्यंत मागे ओढावे आणि तिथेच बाहेर काढावे. त्याहून मागे ओढल्यास नाव पुढे जाण्याऐवजी नुसती वळते. जोर दंडांचा लावू नये. खांदा आणि पाठ वळवून ओढले तर तासाभरानेही हात भरून येत नाहीत. पुढचा आणि मागचा माणूस विरुद्ध बाजूंना वल्हवतात. तरीही नाव मागच्या माणसाच्या वल्ह्याच्या उलट दिशेला वळत राहील, कारण मागून दिलेल्या रेट्याचा परिणाम अधिक होतो. त्यावर जाणकारांचा उपाय असा की मागच्याने प्रत्येक फटक्याच्या शेवटी वरच्या हाताचा अंगठा खाली फिरवून पाते नावेपासून बाहेरच्या बाजूला हलके लोटावे. पात्याचा हा मार्ग इंग्रजी जे अक्षरासारखा दिसतो. हे जमायला दोन-तीन सकाळी जातात. तोवर सहा-सात फटके झाले की मागच्याने ‘बदल!’ म्हणावे आणि दोघांनी एकदम बाजू बदलावी. हे ओरडण्याचे काम आम्ही मुलाला दिले आहे, आणि तो ते गरजेपेक्षा अधिक निष्ठेने करतो.

लांब जाण्यापूर्वी कमरेएवढ्या पाण्यात एकदा मुद्दाम नाव उलटवून पाहावी. मुलांच्या दृष्टीने हा सहलीतला सर्वोत्तम भाग असतो, आणि त्यातून त्यांना जे करायचे ते कळते : नाव सोडायची नाही. उलटलेली कनूही तरंगते, दुरून दिसते आणि धरायला आधार देते. काठ जवळ वाटतो म्हणून पोहत सुटणारा माणूस फसतो. सर्वांनी नावेला धरावे, मोठ्याने डोकी मोजावीत आणि पाय मारत तिच्यासह काठाकडे सरकावे. हिवाळ्यातल्या पाण्यात ओले झालेले मूल लगेच कोरडे करून गरम कपड्यांत घालावे, त्यासाठी कपड्यांचा एक जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत नावेतच बांधून ठेवावा.

आता वाऱ्याबद्दल, कारण आमची फजिती त्यानेच केली. दिवस चढला की जमीन पाण्याच्या आधी तापते, हवा हलू लागते, आणि दहा-साडेदहानंतर मोठ्या जलाशयावर बारीक लाटा दिसू लागतात. दुसऱ्या वर्षी एका जलाशयावर आम्ही साडेअकराला निघालो. वारा पाठीवर होता, नाव आपोआप चालल्यासारखी वाटली, वीस-पंचवीस मिनिटांत आम्ही समोरच्या टेकाडाशी पोहोचलो आणि स्वतःच्या कौशल्यावर खूष झालो. परतीला त्याच अंतराला दीड तास लागला. पुढचे टोक वाऱ्याने फिरत होते, मुलगा रडत होता, पत्नीच्या दोन्ही तळहातांना फोड आले, आणि काठावर उभी असलेली आई ‘नर्मदे हर’ पुटपुटत होती हे नंतर कळले. तेव्हापासून आमचा क्रम उलटा आहे : जी झुळूक असेल तिच्याकडे तोंड करून निघायचे, म्हणजे दमलेल्या परतीत तीच मदत करते. काठापासून पन्नास पावलांच्या आतच, काठाला धरून जायचे. घड्याळ पाहून निघाल्यापासून चाळीस मिनिटांनी, जिथे असू तिथून, वळायचे. लाटांवर पांढरा फेस दिसू लागला तर जवळच्या काठाला लागायचे, गुडघे टेकून तळाशी बसायचे, आणि गरज पडल्यास नाव तिथेच सोडून चालत परत यायचे.

पाण्यात प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले तर तो कचरा समजून जवळ जाऊ नये. खाली मच्छीमाराचे जाळे असते. त्याला वळसा घालावा. वल्हे त्यात अडकले तर त्याच्या मेहनतीचे नुकसान होते आणि तुमची नावही कलते.

साडेनऊला काठावर आल्यावर पोहे. भिजवलेल्या जाड पोह्यांना हळद, मीठ, साखर लावून, बडीशेपेची फोडणी देऊन, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकून वाफेवर ठेवले की वेळ फुकट जात नाही. मंडळी कपडे बदलेपर्यंत तयार होतात. वर शेव, कांदा, डाळिंबाचे दाणे आणि जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला. जिरावनाची डबी विसरली तर इंदूरकरांच्या तोंडचे ऐकून घ्यावे लागते, आणि पोह्यांत शेंगदाणे हवेत की नकोत हा आमच्या घरातला पुणेरी-इंदुरी वाद काठावरही मिटत नाही.

परतीचे सामान अकरापर्यंत आवरावे, कारण दुपारनंतर घाटात गर्दी वाढते. कचऱ्याची पिशवी गाडीत घालूनच तंबू गुंडाळावा. तो बहुधा दवाने ओलसर असतो, तसाच बांधून ठेवल्यास आठवड्यात त्याला बुरशी धरते आणि शिवणीतून वास येऊ लागतो. म्हणून सोमवारी सकाळी तो गच्चीवर दोरीवर पसरावा, खुंट्यांना चिकटलेली काळी माती वाळल्यावर ब्रशने झाडावी, लाइफ जॅकेट सावलीत वाळवावीत, आणि दांड्या मोजून पिशवीत भराव्यात.